टीडीएसला सापडतो, हक्काला सापडत नाही

आयकर खात्याच्या पोर्टलवर लॉग-इन करा आणि आपला फॉर्म २६एएस डाउनलोड करा. वर्षभरात कोणी तुम्हाला पैसे दिले, किती दिले आणि त्यातून किती कापून सरकारकडे भरले, हे त्यात ओळीनं लिहिलेलं असतं. बहुतेक जण कापलेला आकडा बघतात आणि पीडीएफ बंद करतात. पण त्याच ओळीत एक छोटा रकाना असतो, कलमाचा. हा लेख त्या रकान्याबद्दल आहे.

तिथे १९२ असेल तर तुम्ही पगारदार. १९४सी असेल तर कंत्राटदार. १९४जे असेल तर व्यावसायिक किंवा तांत्रिक सेवा देणारे. १९४ओ असेल तर ऑनलाइन बाजारातले विक्रेते. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या आयकर कायद्यात हे आकडे बदलले आहेत. पण २०२५-२६ च्या कमाईचा हिशोब १९६१ च्या जुन्या कायद्यानंच होतो आणि लोकांच्या तोंडीही जुनेच आकडे आहेत, म्हणून इथेही तेच वापरतो.

सातबाऱ्यावर जसं नाव कोणाचं, पीक कुठलं आणि बोजा कोणाचा ते कळतं, तसं या फॉर्मवर तुमचं काम कायद्याच्या लेखी काय आहे ते कळतं. मेहकर-चिखलीहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं पुण्याला जाऊन डिलिव्हरी करणारा, खामगावात घरी बसून कोड लिहिणारी, कर्जावर गाडी घेऊन ॲपला लावणारा, या सगळ्यांचा सातबारा आता हाच.

माझं म्हणणं असं आहे. जी यंत्रणा तुमच्या कमाईतून टक्का कापते, त्याला पॅन नंबर लावते आणि दर तिमाहीला सरकारला कळवते, तिला हा माणूस कोण आणि वर्षाला किती कमावतो हे पैशापैशानं ठाऊक आहे. मग त्याच माणसाला विमा, भविष्यनिर्वाह निधी, अपघाताची भरपाई द्यायची वेळ आली की सांगितलं जातं, ‘हे लोक असंघटित आहेत, यांची नोंदच नाही.’ हे खोटं आहे. नोंद आहे. ती फक्त एकाच कामासाठी वापरली जाते.

कंत्राटदार

आमच्या जिल्ह्यात कंत्राटदार म्हटलं की जिल्हा परिषदेची कामं घेणारा, दारात जेसीबी आणि पांढरी गाडी उभी असलेला माणूस डोळ्यांसमोर येतो. अनेक प्लॅटफॉर्म डिलिव्हरीवाल्या पोराचा टीडीएस १९४सी खाली कापतात, म्हणजे कागदावर तो आणि हा जेसीबीवाला एकाच रांगेत. ॲपमध्ये त्याचं नाव ‘पार्टनर’. पण या पार्टनरला एका ऑर्डरचा दर ठरवता येत नाही, ग्राहक निवडता येत नाही, आणि रेटिंग घसरलं की आयडी बंद. भागीदारीत नफ्याचा वाटा असतो, इथे फक्त पेट्रोलचा खर्च वाट्याला येतो.

आता आकडे बघू. समजा, याला महिन्याला सरासरी २०,००० रुपये पेआउट मिळतं. वर्षाचे झाले २,४०,०००. त्यावर १ टक्का टीडीएस, म्हणजे २,४०० रुपये. २०२५-२६ साठी नव्या करप्रणालीत ४ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर शून्य आहे. म्हणजे या पोराचं सरकारला एक रुपयाही देणं नव्हतं. तरी २,४०० गेले, आणि तेही पेट्रोल, सर्व्हिसिंग, टायर, रिचार्ज वजा न करता, ढोबळ रकमेवर. परत मिळवायचे तर रिटर्न भरावं लागतं. पोर्टलवर ते फुकट आहे, पण ज्याला जमत नाही तो नेट कॅफेत पाचशे-हजार देऊन येतो. आणि पॅनच दिला नसेल किंवा पॅन आधारला जोडलेला नसल्यामुळे निष्क्रिय झाला असेल, तर १ टक्क्याचे २० टक्के होतात.

‘१ टक्का तर आहे, एवढं काय?’ असं म्हणणारे भेटतात. त्यांच्यासाठी दोन तुलना.

पहिली. बँकेत मुदत ठेव ठेवणारा माणूस १५जी नावाचा फॉर्म देऊ शकतो: माझं उत्पन्न करपात्र नाही, व्याजातून टीडीएस कापू नका. वयस्कर असेल तर १५एच. एका कागदावर काम होतं. १९४सी खाली ही सोय नाही. तिथे फॉर्म १३ भरून आयकर अधिकाऱ्याकडून कमी किंवा शून्य दराचं प्रमाणपत्र आणता येतं, पण दुपारच्या शिफ्टला निघालेला पोरगा ते आणणार कधी? ज्याचा पैसा घरबसल्या कमावतो त्याच्या शब्दावर सरकार विश्वास ठेवतं. ज्याची पाठ आणि गाडी कमावते त्याच्या शब्दावर नाही.

दुसरी. ऑनलाइन बाजारात माल विकणाऱ्या व्यक्तीची वर्षाची विक्री ५ लाखांपर्यंत असेल आणि पॅन किंवा आधार दिलेलं असेल, तर १९४ओ खाली काहीच कापलं जात नाही. त्यापुढेही १ ऑक्टोबर २०२४ पासून दर १ टक्क्यावरून ०.१ टक्क्यावर आणला गेला आहे. छोट्या विक्रेत्याच्या हातात खेळतं भांडवल राहावं म्हणून हे केलं, चांगलं केलं. पण तोच माल पाठीवर घेऊन जाणाऱ्याची वर्षाची कमाई १ लाखाच्या वर गेली की त्याचं कापणं सुरू होतं, आणि ते १ टक्क्यानंच. त्याला खेळतं भांडवल लागत नाही का? त्याची टाकी रोज सकाळी कोण भरतं?

वर व्याजाचा हिशोब. अग्रिम कर चुकला तर तुम्ही सरकारला महिन्याला १ टक्का व्याज द्यायचं. सरकारकडे तुमचे पैसे अडकले तर सरकार तुम्हाला महिन्याला अर्धा टक्का देतं.

‘रिटर्न भरलं तं किसानचे पैसे बंद होतीन’

घाटाखालच्या एखाद्या घरात रिटर्नचा विषय काढा. पहिलं वाक्य हेच ऐकू येईल.

यामागे कारण आहे. शेतीचं उत्पन्न आयकरातून मुक्त आहे, म्हणून कापूस-सोयाबीनवर चालणाऱ्या घरांत पिढ्यान् पिढ्या कोणी रिटर्न भरलेलं नाही. याचा अर्थ गावाकडच्यांना कागद कळत नाही असा नव्हे. पीक कर्जाची फाइल, आठ-अ, ई-केवायसी, ई-पीक पाहणी हे सगळं याच घरांत केलं जातं, आणि सर्व्हर डाउन असताना केलं जातं. आयकर हा त्यांच्यासाठी फक्त परका कागद आहे, आणि घरातला पहिला परका कागद आणतो तो ॲपवर काम करणारा मुलगा किंवा मुलगी.

भीती अगदीच निराधारही नाही. पीएम-किसानच्या नियमात मागच्या करनिर्धारण वर्षात आयकर भरलेल्यांना वगळलं आहे. पण इथे मराठीचा एक घोळ आहे. आपण कर ‘भरतो’ आणि रिटर्नही ‘भरतो’. पहिल्यात खिशातून पैसे जातात, दुसऱ्यात फक्त माहिती जाते. शून्य कराचं रिटर्न भरणारा कर भरत नाही. शिवाय त्या योजनेत कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अज्ञान मुलं. पंचवीस वर्षांच्या मुलाच्या रिटर्नचा बापाच्या ६,००० रुपयांशी संबंध नाही.

लाडकी बहीण योजनेचं मात्र वेगळं आहे. तिथे कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं, घरात कोणी आयकरदाता नको, आणि कुटुंबात अविवाहित मुलंही धरली आहेत. ट्रॅक्टर सोडून चारचाकीही नको. म्हणजे कर्ज काढून गाडी घेतली आणि ॲपला लावली, तर हप्ता मुलगा भरणार आणि महिन्याचे १,५०० आईचे जाणार. आणि वर्षाला २,४०,००० पेआउट असलेला अविवाहित मुलगा घरात असेल तर अडीच लाखांची रेषा दहा हजारांवर येऊन थांबते. खरं तर पेट्रोल आणि गाडीचा खर्च वजा केला तर त्याचं उत्पन्न त्या रेषेच्या बरंच खाली आहे. पण हे सरकारला सांगणार कोण?

म्हणूनच मी म्हणतो, रिटर्न भरा. न भरल्यानं काही लपत नाही. कंपनीनं तुमच्या पॅनवर टाकलेला ढोबळ आकडा सरकारकडे आधीच पोहोचलाय. तुम्ही गप्प बसलात तर तेवढाच आकडा तुमची ओळख म्हणून उरतो. खर्चाची बाजू फक्त तुम्ही सांगू शकता, आणि ती सांगायची जागा रिटर्न हीच आहे.

आणखी एक गोष्ट, जी नेट कॅफेत कोणी सांगत नाही. छोट्या धंद्यांसाठी ४४एडी नावाची अंदाजित उत्पन्नाची योजना आहे. तिच्यात डिजिटल जमा रकमेच्या किमान ६ टक्के उत्पन्न दाखवावं लागतं. कॅफेवाला घाईत तो ६ चा आकडा टाकून मोकळा होतो. म्हणजे २,४०,००० पेआउट मिळवणाऱ्या पोराचं वर्षाचं उत्पन्न त्याच्याच सहीनं १४,४०० रुपये. ६ टक्के ही किमान मर्यादा आहे. खरा नफा जास्त असेल तर खराच दाखवायचा असतो. आणि एवढ्या कमाईवर तसाही कर शून्य असताना उत्पन्न कमी दाखवून मिळतं काय? पुढे कर्ज मागायला गेलात की बँक हाच कागद मागते, कारण पगाराची स्लिप तुमच्याकडे नाही. आणि रस्त्यावर काही बरंवाईट झालं, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात नुकसानभरपाई उत्पन्नावरून ठरते. तिथे रिटर्न हा भक्कम पुरावा धरला जातो. दिवसाचे दहा तास दुचाकीवर काढणाऱ्या माणसाच्या घरच्यांना १४,४०० चा कागद किती महागात पडेल, याचा विचार करा.

‘हातात जास्त येतं’

आता माझ्या जातभाईंकडे वळतो, म्हणजे इंजिनीअरांकडे. आपण १५० सीसीवर नसतो, एसीत असतो, म्हणून आपण ‘गिग’ नाही असा आपला समज. पण ऑफर लेटरच्या जागी कन्सल्टन्सी ॲग्रीमेंट येतं आणि टीडीएस १९४जे खाली १० टक्के कापला जातो, तेव्हा कलमाच्या रकान्यात आपणही पगारदार उरत नाही. मला एका कंपनीनं असं ॲग्रीमेंट पाठवलं होतं. त्यात महिन्याला दीड दिवस रजा ‘मंजूर’ केलेली होती. स्वतंत्र व्यावसायिकाला रजा कोण मंजूर करतं, हे विचारल्यावर एचआरकडून उत्तर आलं, ‘हे आमचं स्टँडर्ड फॉरमॅट आहे.’

या प्रकाराचं समर्थन सगळ्यात जोरात कोण करतं? आपणच. इन्स्टावर रील बघायची आणि ग्रुपवर टाकायची: ४४एडीए वापरा, निम्म्याच उत्पन्नावर टॅक्स. योजना खरी आहे. माहिती तंत्रज्ञानासह ठरावीक व्यवसायांना जमा रकमेच्या निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवता येते. मर्यादा ५० लाख, आणि रोखीची जमा ५ टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाख. पण आपल्या पगारावर गणित मांडून बघा.

महिन्याला ६०,००० म्हणजे वर्षाला ७,२०,०००. कन्सल्टंट म्हणून ४४एडीए लावलं तर उत्पन्न ३,६०,०००, कर शून्य. आता हीच रक्कम पगार समजा. ७५,००० ची प्रमाणित वजावट जाऊन ६,४५,००० उरले. २०२५-२६ पासून नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कलम ८७ए ची सूट आहे. कर पुन्हा शून्य! पगारदाराला पावणेतेरा लाखांपर्यंत कर नाही. मग त्याखालच्या पगारावर कन्सल्टंट होऊन तुम्ही कुठला टॅक्स वाचवला? उलट वर्षाचे ७२,००० रुपये टीडीएस म्हणून सरकारकडे जाऊन बसले आणि रिफंडची वाट बघणं तुमच्याकडे आलं.

वीस लाखांवर गणित बदलतं, हे मान्य. तिथे पगारदाराला उपकरासह १,९२,४०० रुपये कर लागतो आणि ४४एडीएवाल्याला शून्य. पण मग हे बघा: वीस लाख कमावणाऱ्या फ्रीलान्सरला एकही बिल न दाखवता दहा लाखांचा खर्च मंजूर होतो, आणि २,४०,००० वाल्या डिलिव्हरीच्या पोराला १५जी सुद्धा मिळत नाही. सवलत कोणाला, हे ठरवताना कोणाचा आवाज पोहोचला असेल?

‘पीएफ तर सीटीसीतूनच जातो, म्हणजे आपलेच पैसे,’ हा पुढचा युक्तिवाद. बऱ्याच ठिकाणी ते खरं आहे. पण पीएफसोबत निवृत्तिवेतन योजना येते. ईडीएलआयचा विमा येतो, ज्यात नोकरीत असताना मृत्यू झाला तर घरच्यांना ७ लाखांपर्यंत मिळतात. त्यापलीकडे ग्रॅच्युइटी, भरपगारी रजा, आणि बाईला २६ आठवड्यांची प्रसूती रजा. कन्सल्टंट असलेली मैत्रीण बाळंतपणाला गेली की तिचं इन्व्हॉइस थांबतं, एवढंच. तिच्या कंपनीच्या दृष्टीनं हा एका व्हेंडरनं घेतलेला ब्रेक असतो.

परदेशी क्लायंटचं काम करणाऱ्यांची गोष्ट वेगळी आहे. चार ग्राहक, स्वतःचा दर, नकार द्यायची मोकळीक असेल तर तो खरा व्यवसाय. त्यांचा टीडीएस कोणी कापत नाही, म्हणून कर १०,००० किंवा त्याहून जास्त बसत असेल तर अग्रिम कर त्यांनी स्वतः भरायचा. ४४एडीएत असाल तर सगळा १५ मार्चपर्यंत एकदाच. नसाल तर पहिला हप्ता १५ जूनला, वर्षभराच्या अंदाजित कराच्या १५ टक्के. आमच्याकडे जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला अक्षय तृतीयेच्या संध्याकाळी घटमांडणी होते आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पाऊस, पिकं आणि देशाच्या तिजोरीचं भाकीत सांगतात. पेपरवाले त्यावर हसतात. पण १५ जूनला, मृगाचा पाऊस नीट पडायच्या आत, फ्रीलान्सरनं पुढच्या मार्चपर्यंतची कमाई सांगायची, आणि चुकला तर व्याज. भेंडवळचं भाकीत चुकलं तर निदान दंड तरी होत नाही.

‘पण यांना मालकच नाही’

कंपन्यांची बाजू ऐकू. हे लोक मोकळे आहेत, हवं तेव्हा लॉग-इन करतात, एकाच वेळी दोन-तीन ॲपवर काम करतात. एक मालक नाही, ठरलेली वेळ नाही. मग नोकरीचे हक्क द्यायचे कोणी?

हा प्रश्न महाराष्ट्रानं १९६९ मध्ये सोडवला आहे. खामगावच्या बाजार समितीत गोण्या उचलणाऱ्या हमालाला तरी एक मालक कुठे असतो? सकाळी या अडत्याकडे, दुपारी त्या व्यापाऱ्याकडे. त्याचंही काम नगावर, त्याचीही वेळ ठरलेली नाही. अण्णासाहेब पाटलांनी माथाडींची चळवळ उभी केली आणि १९६९ मध्ये महाराष्ट्र माथाडी, हमाल आणि इतर श्रमजीवी कामगार कायदा आला. कल्पना साधी होती. कामगार, मालक आणि सरकार यांचं मिळून मंडळ. जो व्यापारी काम करून घेईल त्यानं मजुरी आणि तिच्यावर ठरावीक टक्के लेव्ही मंडळात भरायची. मंडळ कामगाराला मजुरी देणार, आणि लेव्हीतून त्याचा भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, रजा, बोनस. मालक दहा असले तरी खातं एक.

हा कायदा सगळीकडे नीट राबला असं नाही, नोंदणी चुकवणारे व्यापारी आणि माथाडींच्या नावावर खंडणी उकळणारे दोन्ही निघाले. पण ‘अनेक मालक असलेल्या कामगाराला हक्क देणं शक्यच नाही’ हे वाक्य महाराष्ट्रात उच्चारताना लाज वाटायला हवी. ते कागदी पावत्यांच्या काळात शक्य झालं.

नगावर पैसे घेतो म्हणून कामगार नाही, हेही जुनंच म्हणणं. ध्रांगध्रा केमिकल वर्क्सच्या खटल्यात मीठ पिकवणारे अगरिया हंगामी होते, मिठाच्या वजनावर पैसे घेत होते, मदतीला माणसं स्वतः लावत होते. तरी सर्वोच्च न्यायालयानं त्यांना कामगारच ठरवलं, कारण कामावर ताबा कंपनीचा होता. तो निकाल १९५० च्या दशकातला. आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानं उबरच्या चालकांना कामगार मानलं, तेव्हाही प्रश्न हाच होता: भाडं कोण ठरवतं, आणि ॲपमधून बाहेर कोण काढतं?

आपल्या संसदेनं २०२० मध्ये सामाजिक सुरक्षा संहिता केली. तिच्यात पहिल्यांदा गिग कामगाराची व्याख्या आली, पण ती ‘पारंपरिक मालक-कामगार नात्याच्या बाहेर काम करणारा’ अशी. म्हणजे जे सिद्ध करायचं तेच व्याख्येत घालून टाकलं. ॲपवाल्या कंपन्यांनी उलाढालीच्या १ ते २ टक्के, पण कामगारांना दिलेल्या रकमेच्या ५ टक्क्यांहून जास्त नाही, एवढं निधीत भरायचं. ही संहिता लागू व्हायला २१ नोव्हेंबर २०२५ उजाडलं. मधल्या पाच वर्षांत टीडीएस एकही तिमाही चुकला नाही. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालात २०२०-२१ मध्ये देशात ७७ लाख गिग कामगार धरले होते, आणि २०२९-३० पर्यंत ते २ कोटी ३५ लाख होतील असा अंदाज होता. एवढ्यांना थांबवून ठेवायला पाच वर्षं म्हणजे फार मोठा काळ आहे.

कराच्या बदल्यात काय

मी कर नको म्हणत नाही. उलट महाराष्ट्रात कर आणि हक्क एका दोरीत बांधल्याचं उदाहरण आहे, आणि ते तुमच्या पगाराच्या स्लिपवर दर महिन्याला छापलं जातं: व्यवसाय कर, २०० रुपये, फेब्रुवारीत ३००. वर्षाचे २,५००. कन्सल्टंट असाल तर हेच २,५०० स्वतः नोंदणी करून भरायचे, हे अनेकांना नोटीस आल्यावरच कळतं.

हा कर आला १९७५ मध्ये. १९७२ च्या दुष्काळात लाखो माणसं खडी फोडायला गेली होती. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना उभी राहिली, आणि तिला पैसा हवा म्हणून हा कर लावला गेला. ज्याला काम आहे त्यानं थोडं द्यायचं, सरकारनं तेवढीच भर घालायची, आणि ज्याला काम नाही त्याला काम मागायचा हक्क. विदर्भ-मराठवाड्यातल्या आपल्या आजोबा-आजींनी त्या हमीवर दुष्काळ काढले. पुढे २००५ मध्ये केंद्रानं कायदा केला तेव्हा समोर नमुना हाच होता.

म्हणून माझ्या मागण्या नव्या नाहीत. या दोन जुन्या कायद्यांतलं शहाणपण आजच्या सर्व्हरवर चढवा, एवढंच म्हणतोय.

एक, ज्याची वर्षाची कमाई करपात्र मर्यादेच्या आत आहे त्या प्लॅटफॉर्म कामगाराला १५जीसारखा स्व-घोषणेचा फॉर्म द्या. छोट्या ऑनलाइन विक्रेत्याला ५ लाखांची सूट आहे, तीच त्याला द्या.

दोन, प्रत्येक पेआउटवर माथाडीसारखी लेव्ही बसवा, कंपनीच्या खिशातून, आणि ती कामगाराच्या पॅनवर त्याच्या नावाच्या खात्यात जमा करा. मी सॉफ्टवेअर लिहितो, म्हणून खात्रीनं सांगतो, यात तांत्रिक अडचण काहीही नाही. पॅन, रक्कम, तारीख, कलम हे रकाने टीडीएसच्या तिमाही विवरणात आजच आहेत. आणखी एक रकाना वाढवायचा आहे. याहून किचकट काम या कंपन्या सणाच्या सेलच्या आधी आठवड्याभरात करतात.

तीन, सरकारी योजनांची पात्रता ठरवताना पेआउट आणि उत्पन्न यांतला फरक माना. ॲपला लावलेली, हप्त्यावरची गाडी ही चैन नाही, ते अवजार आहे. ट्रॅक्टरला जो न्याय तोच तिला.

आणि आपल्याकडून काय? रिटर्न भरा, खऱ्या आकड्यांनी भरा. पेट्रोलची, सर्व्हिसिंगची, रिचार्जची पावती मोबाइलमध्ये एका फोल्डरमध्ये टाकत जा. वर्षातून चारदा २६एएस उघडा आणि कंपनीनं कापलेले पैसे खरंच भरलेत का ते बघा. घरात ‘किसानचे पैसे’ म्हणणाऱ्या माणसाला समोर बसवून कर भरणं आणि रिटर्न भरणं यातला फरक समजावा. शेजारच्या एका तरी पोराचं रिटर्न फुकट भरून द्या. इंजिनीअर असाल तर कन्सल्टन्सीच्या कागदावर सही करण्याआधी पगाराचं गणित मांडा, आणि एचआरला विचारा की माझा टीडीएस १९२ खाली का नाही. उत्तर लेखी मागा.

सरकारकडे आणि कंपन्यांकडे आपली यादी नाही असं आता कोणी म्हणू नये. यादी तिमाहीला अपडेट होते. तिच्यात आपलं नाव कापण्यासाठी घातलंय, देण्यासाठीही तीच वापरायला लावणं आपल्या हातात आहे.